गोटेवाली बुढी

माझ्या प्रबंधाचा विषय नातेवाइकांना समजावून सांगणं हे प्रबंध लिहिण्याहून अवघड होतं. अकोल्यात कोणाच्याही लग्नाला गेलं की मांडवात बसल्याबसल्या प्रश्न यायचा, "काय शिकून राहिली वो तू आता?" मी सांगायचे की लाओस म्हणून एक देश आहे, तिथल्या डोंगरांत खमू नावाची भाषा बोलतात, त्या भाषेतल्या आवाजांचा मी अभ्यास करते. विचारणारी मान डोलवायची आणि माझ्या डोक्यावरून आईला विचारायची, "मंग नोकरी कुठी लागते याच्यात?" आई कधी अडायची नाही. "लागते नं, फॉरेनले," असं ठोकून द्यायची आणि ताटाकडे वळायची. फॉरेन मी तेव्हा पाहिलेलं नव्हतं, आजही पाहिलेलं नाही. पण त्या देशातल्या एका म्हातारीची मला जितकी आठवण येते तितकी सख्ख्या आजीचीही येत नसेल, आणि हे मी अजून कोणाला धड सांगू शकलेली नाही.

सुरुवात अमरावतीला झाली. एम. ए.साठी मी तिथल्या वसतिगृहात होते आणि माझी रूममेट धारणीकडची कोरकू मुलगी होती. ती घरी फोन लावायची तो खिडकीच्या गजांना टेकून, कारण रेंज तिथेच यायची. मी पलंगावर पुस्तक उघडं टाकून तिचं बोलणं ऐकत पडायचे. कळायचं काहीच नाही. एकदा न राहवून विचारलं, हाताला काय म्हणता? ती म्हणाली, "ती." डोळ्याला? "मेड." पुढे ग्रंथालयात एका जाड पुस्तकात एक तक्ता सापडला. त्यात खमू भाषेत हात म्हणजे "ती"च होता, फक्त शेवटी घसा चटकन मिटायचा, आणि डोळा होता "मात". ज्या मेळघाटात आम्ही भुट्टे खायला आणि ढगांत फोटो काढायला जायचो, तिथली भाषा थेट आग्नेय आशियातल्या भाषांच्या कुळातली निघाली. मी धावत खोलीवर आले आणि रूममेटला सांगितलं, तुझे नातेवाईक सापडले. ती केस विंचरत होती. म्हणाली, "बरं झालं. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनाही टाकू."

पीएच. डी.साठी मी हैदराबादला गेले. माझ्या मार्गदर्शक बंगाली होत्या, कडक, आणि त्यांचं हिंदी माझ्या हिंदीपेक्षाही वाईट होतं. त्यांनी माझ्या हाती खमूचा एक प्रश्न ठेवला. पूर्वेकडच्या खमू गावांत घारीसारख्या मोठ्या पक्ष्याला "क्लाङ" म्हणतात आणि दगडाला "ग्लाङ". पश्चिमेकडच्या गावांत हा "ग" झिजला, त्याचा "क" झाला. मग घारही क्लाङ आणि दगडही क्लाङ. पण गोंधळ होत नाही, कारण दगड खालच्या सुरात म्हणतात आणि घार वरच्या. म्हणजे ग गेला, पण जाताना सूर खाली ठेवून गेला. मला हे इतकं आवडलं की मी चार दिवस येताजाता पुटपुटत होते. घार वर, दगड खाली, लक्षात ठेवायलाही सोपं.

आता खरी गंमत अशी की या दोन टोकांच्या मधल्या एका गावात, बऱ्याच वर्षांपूर्वी, एका परदेशी संशोधकानं एका म्हातारीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. तो फिरत फिरत मॅडमकडे आला होता. त्या म्हातारीच्या तोंडात दोन्ही होतं, थोडासा ग आणि थोडासा सूर. भाषा एका घरातून दुसऱ्या घरात जाताना उंबरठ्यावर सापडली, असं मॅडम म्हणायच्या. माझं काम त्या आवाजाचं मोजमाप करणं, आणि मग तिथे जाऊन तिच्याकडूनच आणखी शब्द घेणं. पासपोर्ट काढला, तिकडच्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापिका मला गावापर्यंत न्यायला तयार झाल्या, आणि तेवढ्यात टाळेबंदी आली. वसतिगृह रिकामं करायला सांगितलं. मी हार्ड डिस्क ओढणीत गुंडाळून अकोल्याला घरी आले.

आमचं घर गावाच्या कडेला, मागे फुलांचं वावर. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. त्या वर्षी देवळं बंद, लग्नं बंद, त्यामुळे फुलं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकून द्यावी लागत होती. बाबा त्या बाजूला जायचेच नाहीत. आईला मात्र हाताला सवय, म्हणून ती रोज टोपलंभर फुलं घेऊन माझ्या खोलीत येऊन बसायची आणि घरातल्या देवांना पुरून उरतील इतके हार ओवायची. माझ्या हेडफोनची एक बाजू बंद पडली होती आणि दुकानं उघडी नव्हती. म्हणून मी म्हातारीला स्पीकरवर लावलं. अशी ती आमच्या घरात आली.

रेकॉर्डिंगची पद्धत ठरलेली असते. प्रत्येक शब्द तीनदा म्हणायचा. तिसरा उच्चार आम्ही मोजमापात घेत नाही, कारण आता संपलं या भावनेनं माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. म्हातारीचा तर दुसऱ्यालाच यायचा. ती लवकर कंटाळायची. मागे कोणीतरी धान कांडत असायचं, मूल रडायचं, कोंबडा आरवायचा. तो आरवला की शेजाऱ्यांचा कोंबडा इकडून उत्तर द्यायचा, आणि आई सुई थांबवून म्हणायची, "आपला नाई वो, तिचा हाय."

"क्लाङ, क्लाङ, क्लाङ" ऐकून आईनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "काय मनून राहिली थे?"

"एकदा घार म्हणते, एकदा दगड."

"मले त दोनी सारकेच आयकू येते."

मी तिला पुन्हा लावून दाखवलं. वरचं, खालचं. हातानं वर-खाली करूनही दाखवलं. आईनं फार लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "गोटाच हाय दोनी डाव." तेव्हापासून ती गोटेवाली झाली. सकाळी चहा झाला की आई विचारायची, "काहून वो, आज गोटेवालीले बसवत नाई काय?"

टाळेबंदी उठत होती, लागत होती, पुन्हा उठत होती. मी सगळे शब्द लिहून मॅडमना पाठवले. फार खूश होते मी स्वतःवर. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. थेट विचारलं, "इसका ह कहाँ गया?"

मला कळेना. त्या म्हणाल्या, खमूत नाकाला "मुह" म्हणतात, शेवटी स्पष्ट ह आहे, तू सगळीकडे "मु" लिहिलंय. आणि हा एकच शब्द नाही. जिथे जिथे शेवटी ह आहे तिथे तिथे तो गायब आहे. मी म्हटलं, मॅडम, म्हातारी म्हणतच नाही. त्या म्हणाल्या, संगणकावर श्वास दिसतोय, तुला ऐकू कसा येत नाही? मग त्यांनी विचारलं की तुमच्या गावाकडे आम्ही-तुम्हीला काय म्हणता. मी म्हणाले, "आमी, तुमी." त्या हसतच सुटल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

वऱ्हाडात ह पाहुण्यांपुरता. आमच्याकडे म्हैस मैस होते, मी "म्हणून" म्हणायला लागले तर बाबा विचारतात, "कोन आलं?" तसाच ळ. तो आमच्याकडे य होतो, केळीची केयी होते, डोळ्याचा डोया. पुण्याच्या एका चर्चासत्रात मी फार सांभाळून, प्रत्येक ह जागेवर ठेवून निबंध वाचला होता, तरी शेवटी एका सद्‌गृहस्थांनी काळजीनं विचारलं, "तुम्ही चिडलात का?" चिडले नव्हते. आमचं बोलणंच तसं आहे, उभ्याउभ्या. पण बोलताना ह सांभाळता येतो, ऐकताना कसा सांभाळणार? माझा कानच वऱ्हाडी. मी त्या म्हातारीचे सगळे ह माझ्या नकळत गिळून टाकले होते. मॅडम म्हणाल्या, सगळं पुन्हा ऐक.

मग मी सगळं पुन्हा ऐकलं, आणि या खेपेला फक्त श्वास ऐकला. ह म्हणजे दुसरं काय असतं? शब्द संपल्यावर तोंडातून जी हवा जाते ती. पहिल्या खेपेला मी तिचे शब्द मोजले होते, आता तिला ऐकायला लागले. "मुह" म्हणताना ती किंचित हसते हे तेव्हा कळलं, बहुधा समोरचा पाहुणा स्वतःच्या नाकाला बोट लावून दाखवत असणार. दुपारच्या रेकॉर्डिंगमध्ये तिला धाप लागते. खोकला आला की ती तोंड वळवते, आवाज बाजूला जातो, आणि परत येताना काहीतरी चघळत येते. एका ठिकाणी ती शब्द सोडून एकदम लांबलचक काहीतरी बोलते, तावातावानं, आणि मग गप्प बसते. ते वाक्य मी कितीदा ऐकलं त्याला गणती नाही. त्यातल्या प्रत्येक स्वराची उंची मला पाठ होती आणि अर्थ एका शब्दाचा कळत नव्हता. मला खमू भाषेचे आवाज येतात, भाषा येत नाही. हे ऐकून लोकांना वाटतं मी थट्टा करते आहे.

ते वाक्य काढून मी तिकडच्या प्राध्यापिकांना पाठवलं. मनात काय काय आलं होतं. काही जुनं दुःख असेल, नवऱ्याबद्दल असेल, युद्धाबद्दल असेल. त्यांचं उत्तर आलं की ती म्हणते आहे, अगं कोंबड्या हाकला कोणीतरी, सगळं धान खाऊन टाकलं, मी इथे या माणसापाशी अडकून पडले आहे. मी आईला सांगितलं. आईनं सुई खाली ठेवली आणि पोट धरून हसली. "मंग! घरची बाई हाय थे. तुमाले काय वाटलं, गोटे-गोटे मनाले बसली काय रिकामी?"

त्या दिवसापासून आईचं आणि तिचं नातं जमलं. तिला लेकरं किती, सुना नांदतात की नाही, ती भात खाते तर भाकर अजिबात करत नाही का, असले प्रश्न आई मला विचारायची आणि मी चिडायचे, कारण मला यातलं एकही उत्तर ठाऊक नव्हतं. चिडण्याचं खरं कारण दुसरं होतं. मलाही तेच विचारायचं होतं. मला तिच्याकडे जायचं होतं, आणि शब्द घ्यायला नव्हे. प्रबंधाच्या प्रस्तावात मी लिहिलं होतं की आणखी नमुने आवश्यक आहेत. खोटं नव्हतं ते. पण मला नुसतं तिच्या ओट्यावर जाऊन बसायचं होतं. ती काही बोलली असती, मला कळलं नसतं, आणि तरी चाललं असतं. जिला कधी पाहिलं नाही तिची आठवण येते, याला मराठीत काय म्हणतात मला माहीत नाही. आठवणच म्हणतात, दुसरं काय म्हणणार.

पुढे सगळं सुरू झालं. माझी फेलोशिप संपली होती, म्हणून मी अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. सोमवारी पहाटे अकोल्याहून निघायचं, शनिवारी परतायचं. मुलांना व्याकरण शिकवायचं, पेपर तपासायचे, आणि गाडीत बडनेऱ्यापर्यंत कानात म्हातारी. प्रबंध तिच्या आहे त्या आवाजावर पूर्ण झाला. मॅडम म्हणाल्या, पुरे आहे, सादर कर. मी सादर केला. तोंडी परीक्षेत कोणीतरी विचारलं की या स्त्रीकडून अधिक नमुने का घेतले नाहीत, आणि मी टाळेबंदीचं कारण सांगितलं. मग पदवी मिळाली. बाबांनी वावरातल्या शेवंतीचा असा जाड हार केला की फोटोत मी दिसतच नाही.

पदवी मिळाल्यावर तर जायचं कारणच उरलं नव्हतं. तरी मी जायचं ठरवलं. रजा कशी काढायची, उन्हाळ्याच्या सुट्टीत जमेल का, याची जुळवाजुळव सुरू केली. आईनं माझ्या आधी तयारी केली. "कुरोड्या नको नेऊ, फुटतात. मुंगवड्या ने. भातासंगं खाईन थे." एक नऊवारी लुगडंही तिनं काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, तिकडे लुगडं नेसत नाहीत. आई म्हणाली, "नाई नेसलं त पांघरन."

एक गोष्ट मी कधी विचारली नव्हती. रेकॉर्डिंग बऱ्याच वर्षांपूर्वीचं आणि आवाज तेव्हाच म्हाताऱ्या बाईचा. बेरीज कोणालाही करता आली असती. मी संगणकावर श्वासाची लांबी मोजणारी बाई, मला ती बेरीज जमली नाही असं नाही. मी ती करायची टाळली. प्राध्यापिकांनी लिहिलं की धानाची कापणी झाली, रस्ते कोरडे झाले की मी त्या भागात जाणार आहे, काही विचारायचं आहे का? मी शब्दांची मोठी यादी लिहिली आणि सगळी खोडून टाकली. एवढंच लिहिलं की त्या कशा आहेत ते विचारा, आणि मी भेटायला आले तर चालेल का तेही.

तो रविवार होता. दुपारचं जेवण झालं होतं, आई अंगणात शेवंतीच्या देठांची छाटणी करत होती आणि मी पायरीवर बसून मोबाइल बघत होते. प्राध्यापिकांचा मेसेज आला. त्या गावात पोहोचल्या होत्या. म्हातारी वारली होती, आणि वारूनही बरीच वर्षं झाली होती. तिची लेक खाली सडकेजवळच्या गावात राहते, तिला भेटून आल्या. मी पाठवलेलं कोंबड्यांचं वाक्य त्यांनी मोबाइलवर लावलं, आईचा आवाज ऐकून लेक रडली, आणि तो आवाज मला मिळेल का, असं तिनं विचारलं. लेकीनं सांगितलेल्या वर्षाचा मी हिशोब केला, कारण आता टाळण्यात अर्थ नव्हता. मी हैदराबादला पहिल्यांदा तिला ऐकलं त्याच्या आधीच ती गेलेली होती. ज्या काळात मी तिच्याकडे जायचे बेत करत होते, त्या सगळ्या काळात ती नव्हतीच.

मी लगेच उत्तर दिलं, सगळं रेकॉर्डिंग लेकीचंच आहे, आजच पाठवते. ते लिहीपर्यंत ठीक होतं. मग रडू यायला लागलं आणि मला त्याची लाज वाटायला लागली. आमच्याकडे कोणी गेलं की रडणाऱ्याला आपलं नातं सांगता आलं पाहिजे. लेक रडते, सून रडते, शेजारीण रडते. मी कोण लागत होते? उद्या कॉलेजात डोळे सुजलेले दिसले आणि कोणी विचारलं, तर काय सांगणार होते, माझा नमुना वारला?

आईनं देठं छाटता छाटता वर पाहिलं. "काय झालं वो?"

"गोटेवाली गेली."

आईची कात्री थांबली. "कदी?"

"लय वर्षं झाले. आपल्याले आज मालूम पडलं."

ती उठली, पदर झटकला, फुलांचं टोपलं सावलीत सरकवलं. मला वाटलं आता समजूत काढेल, म्हातारं माणूस होतं, जाणारच, असलं काहीतरी. तिनं न्हाणीघरात जाऊन बादली नळाखाली लावली आणि तिथूनच ओरडली, "ये इकडे. डोक्यावरून पानी घे."

"काहून?"

"काहून मंजे? मेल्याची खबर कानी पडली त आंगोय करा लागते. वर्सानं पडो का धा वर्सानं."

"आई, सुतक रक्ताच्याचं असते. आपली कोन थे?"

"सुतक रक्ताचं असते," आई म्हणाली, "आंगोय ओयखीच्याचीबी असते. घे लवकर, बादली भरून राहिली."

मी आंघोळ केली. भर दुपारी, डोक्यावरून, थंड पाण्यानं, आणि पाण्याच्या आवाजात जे रडायचं होतं ते मोकळेपणानं रडून घेतलं. नात्याचं कोडं सुटलं होतं असं नाही, पण आता ते कोणी विचारणार नव्हतं. केस पंच्यात बांधून बाहेर आले तर आई दारातच उभी होती. तिच्या खांद्यावर धुतलेलं लुगडं होतं आणि दुसरी बादली तिनं आधीच नळाखाली सरकवली होती.

"तू काहून?" मी विचारलं.

"मी नाई आयकलं का तिले इतके दिवस?" आई म्हणाली, आणि तिनं न्हाणीचं दार लावून घेतलं.